उताणं झोपवून बघा

असोद्याहून जळगावच्या दवाखान्यात आलेला माणूस म्हणतो, 'डोयाले डोया लागत नही,' आणि दोष शेतीच्या रात्रीच्या विजेला देतो. भरिताच्या वांग्यांना पाणी द्यायला उठावं लागतं, हे खरंही असतं. श्वासाचे व्यायाम शिकवणाऱ्या फिजिओथेरपिस्ट बाईंचं काम तिथून पुढे सुरू होतं. उशा किती घेता? सकाळी डोकं ठणकतं? दुपारी बसल्या जागी डुलकी लागते? नेमकी उत्तरं बहुधा शेजारच्या बाजेवर झोपणाऱ्याकडून मिळतात.

अशा तक्रारीमागे क्वचित पॉम्पे आजार निघतो. डच डॉक्टर योहानेस पॉम्पे यांनी १९३२ मध्ये सात महिन्यांच्या मुलीत तो नोंदवला. स्नायूंतलं ग्लायकोजेन मोडणारं एक एन्झाइम जन्मतःच कमी पडतं. साठा पेशींत तुंबतो, स्नायू झिजतात. सदोष जनुक आई आणि वडील दोघांकडून यावं लागतं, म्हणून घराण्यात आधी बहुधा कुणाला झालेला नसतो. मोठेपणी दिसणाऱ्या प्रकारात माणूस अजून चालता-फिरता असतो, पण श्वासपटल आधीच थकलेलं असू शकतं.

बसवून श्वास मोजायच्या यंत्रात फुंकायला लावलं की आकडा बरा येतो. तीच फुंकर उताणं झोपवून घ्यावी. निरोगी माणसात घट दहा टक्क्यांच्या आत-बाहेर असते. पंचवीस-तीसच्या वर गेली तर पटलावर संशय. यंत्र नसलं तर पोटावर तळवा ठेवायचा. श्वास घेताना पोट वर यायला हवं; इथे ते आत ओढलं जातं.

स्वप्नांच्या झोपेत मान-छातीचे मदतनीस स्नायू सैल पडतात, सगळा भार एकट्या पटलावर येतो. कार्बन डायऑक्साइड साचतो तो तेव्हा. अशा माणसाला नुसता ऑक्सिजन लावून घरी पाठवणं धोक्याचं: बोटावरचा आकडा सुधारतो, श्वास आणखी मंदावू शकतो. लागतं ते बायपॅप, श्वास घेताना जास्त आणि सोडताना कमी दाब देणारं. गावाकडे बाई त्यासोबत इन्व्हर्टरही लिहून देतात.

एन्झाइमच्या सलाईनला युरोप-अमेरिकेत २००६ मध्ये मान्यता मिळाली. ते दर पंधरवड्याला घ्यायचं, थांबायचं नाही. २०२१ च्या राष्ट्रीय दुर्मिळ आजार धोरणात पॉम्पे आहे. मदत ५० लाखांपर्यंत. डोस वजनावर ठरतो, त्यामुळे मोठ्या माणसाला हा आकडा फार दिवस पुरत नाही.

धोरणातल्या केंद्रांपैकी मुंबईचं केईएम खानदेशाला सोयीचं. निघणाऱ्याला बाई आधी गाडी विचारतात. सगळ्यांना रात्रीची हवी असते, दिवस मोडत नाही म्हणून. पण रात्रीची गाडी म्हणजे मशिनशिवाय बर्थवर आडवं पडणं. बाई दिवसाच्या गाडीचं, बसायचं तिकीट काढायला लावतात.