त्रिकोणात त्रिकोण

इतिहासाच्या शिक्षकास हा कसला छंद, असे आम्हांस नेहमी विचारले जाते. वसतिगृहात रविवारी आम्ही मुलांसमवेत फ्रॅक्टल चित्रे काढतो. ३२ सेंटिमीटर बाजूच्या समभुज त्रिकोणाच्या बाजूंचे मध्यबिंदू जोडावेत, मधला त्रिकोण कोरा सोडावा. उरलेल्या तिहींत पुन्हा तेच. पाचव्या फेरीस १ सेंटिमीटर बाजूचे २४३ त्रिकोण होतात. पोलिश गणिती सिएरपिन्स्की यांची ही १९१५ मधील रचना. ‘फ्रॅक्टल’ हा शब्द मँडेलब्रॉट यांनी १९७५ मध्ये दिला. संगणक हे क्षणात काढतो, पण आम्हांस पट्टी-पेन्सिलच प्रिय.

शेंद्र्याच्या कारखान्यात राबणारे एक पालक म्हणाले, “सर, यानं पोट भरंल का?” प्रश्न रास्तच होता.

पुढे सहलीत, अजिंठ्याच्या १९ क्रमांकाच्या लेण्यासमोर, वर्गात कधी न बोलणाऱ्या त्यांच्याच मुलाने बोट वर केले. मोठ्या चैत्यकमानीभोवती तिच्याच घाटाच्या चिमुकल्या कमानी! “सर, हे कोरणाऱ्यांची नावं कुठं लिहिलीत?” दात्यांची नावे अजिंठ्याच्या शिलालेखांत वाचता येतात, छिन्नी धरणारे हात निनावी राहिले. आम्ही त्यास तसेच सांगितले. तो कमानी मोजत राहिला.

पुढल्या भेटीस वडील त्याच्यासाठी स्टीलची पट्टी घेऊन आले.