सामानाला सवलत, लेकीला नाही

परदेशात राहून परतणाऱ्या माणसाच्या सामानाला आपल्या देशात सवलत मिळते, हे मला मस्कत सोडेपर्यंत नीट माहीत नव्हतं. 2016 च्या बॅगेज नियमांत ती होती. दोन वर्षं किंवा जास्त बाहेर राहून कायमचं परत येणाऱ्याला पाच लाखांपर्यंतचं घरगुती सामान कस्टम ड्युटीशिवाय आणता येत होतं. आमचं वॉशिंग मशीन, मायक्रोवेव्ह, कॉम्प्युटर सगळं त्यात बसलं. पुढे सीएंनी सांगितलं की तिथे साठवलेले पैसे परकीय चलनातच ठेवायला खातं उघडता येतं, आणि बाहेरच्या मिळकतीवर पहिली दोन-तीन वर्षं इथे कर लागत नाही. बरं वाटलं. सरकारनं आपला विचार केलाय असं वाटलं.

मग लेकीच्या ॲडमिशनची वेळ आली.

लेकीचा जन्म बारामतीचा. बाळंतपणाला मी माहेरी आले होते. जन्मदाखला बारामती नगरपरिषदेचा, पासपोर्ट भारताचा, सासरची शेती इंदापूर तालुक्यात निमगाव केतकीजवळ. बाळ वर्षाचंही नव्हतं तेव्हा ह्यांच्या कंपनीनं फॅमिली व्हिसा दिला आणि आम्ही गेलो. आखातात माणूस जन्मभर राबला तरी तिथला होत नाही. नोकरी संपली की व्हिसा संपतो. म्हणजे आमच्या मुलांना परत यायचंच असतं. लेक तिथल्या इंडियन स्कूलमध्ये सीबीएसईची दहावी-बारावी झाली आणि 2023 च्या एप्रिलमध्ये आम्ही गाशा गुंडाळून आलो. नीट आणि सीईटी, दोन्ही परीक्षा तिनं पुण्यात दिल्या. नीटला मार्क चांगले पडले. बारामतीचं सरकारी मेडिकल कॉलेज 2019 ला सुरू झालेलं, शंभर जागांचं. तिचा जीव त्यातच अडकला होता.

कागदपत्रं तपासून घ्यायला आम्ही गेलो, तर अण्णा, माझे सासरे, हट्टानं बरोबर आले. प्लॅस्टिकच्या पिशवीत सातबारा, रेशनकार्ड, पोरीचा जन्मदाखला आणि ह्यांचं कॉलेजात असताना काढलेलं डोमिसाईल. टेबलावरच्या मुलानं फाईल चाळली, दहावीच्या मार्कशीटवर थांबला.

"मॅडम, दहावी मस्कतची? बारावी पण?"

"हो."

"मग स्टेट कोट्यात नाही बसत. दहावी-बारावी दोन्ही महाराष्ट्रातून पाहिजे. ओएमएसमध्ये जाईल तुमचं."

ओएमएस म्हणजे आउटसाइड महाराष्ट्र स्टेट. अण्णांना ते कळलं नाही. ते पिशवीतून जन्मदाखला काढून पुढे सरकवत म्हणाले, "आरं बाबा, हितंच जन्मलीय पोरगी. आमची नात हाय."

"आजोबा, जन्माचं नाही, शाळेचं बघतात."

"मग आमची शेती? सातबाऱ्यावर चार पिढ्या हायेत."

मुलगा चांगला होता. नियमाचं पान उघडून त्यानं ओळीखाली बोट धरून दाखवलं. मागे रांग वाढत होती. अण्णांनी तो कागद दोनदा वाचायला लावला आणि नंतर काही बोलले नाहीत. लेक माझ्या शेजारी उभी होती, घरात कायम मराठीतच बोलणारी. ती म्हणाली, "आई, चल ना." मला ते "चल ना" आजही सहन होत नाही.

हिशेब साधा आहे. त्या कॉलेजच्या शंभर जागांतल्या पंधरा अखिल भारतीय कोट्यातून भरतात, उरलेल्या पंच्याऐंशी राज्याच्या. त्या पंच्याऐंशींच्या यादीत माझ्या लेकीला नाव घालायची सोय नाही. पंधरांसाठी तिनं सगळ्या देशाशी झुंजायचं. खासगी कॉलेजात एनआरआय कोटा आहे, तिथे तिचं स्वागत होतं, पण फी नेहमीच्या काही पट. परदेशात राहिली म्हणजे घरात पैसा असणारच, असं धरून चालतात. ह्यांनी मस्कतला वेअरहाऊसमध्ये सुपरवायझरकी केली. त्यातून ती फी निघाली नसती.

सगळ्यात डोक्यात गेलं ते पुढचं. त्याच उन्हाळ्यात त्याच पोरीचा फार्मसीचा फॉर्म भरला, तर तिथे ती महाराष्ट्राची ठरली. वडिलांचं डोमिसाईल चालतं म्हणे! इंजिनिअरिंगलाही चालतं. शिवाय तंत्रशिक्षणात आखातातल्या भारतीय कामगारांच्या मुलांसाठी वेगळ्या जादा जागा आहेत. राज्य एकच, पोरगी एकच, बाप एकच. औषध बनवायला शिकायचं असेल तर घरची, औषध द्यायला शिकायचं असेल तर परकी. ह्याचं कारण मला कुणीही पटेल असं सांगितलेलं नाही.

माझी कॉलेजातली एक मैत्रीण बेने इस्रायली, मूळ रायगडची, लग्नानंतर अश्दोदला गेली. तिला फोनवर हे सांगितलं तर म्हणाली, आमच्याकडे नव्यानं येणाऱ्या ज्यूंना पहिले काही महिने सरकार पैसे देतं, भाषेचे वर्ग देतं. लहानपणी आईबापांबरोबर देश सोडून गेलेलं मूल सज्ञान होऊन परतलं, तर त्यालाही यातल्या पुष्कळ सवलती मिळतात. तो देश कुणाला आपलं म्हणतो आणि कुणाला नाही, ह्यावर माझी मतं वेगळी आहेत. पण परतणारं मूल ही एक वेगळी गरज आहे, एवढं तरी तिथे ओळखलंय. फार लांब कशाला, केरळनं 1996 पासून बाहेर गेलेल्यांसाठी नोर्का हे स्वतंत्र खातं चालवलंय, परतलेल्यांच्या धंद्याला कर्जात मदत देतात. बारामती-इंदापूरकडची कितीतरी पोरं आखातात आहेत. त्यांच्यासाठी त्या तोडीचं काही मला सापडलं नाही.

आता हेही सांगितलं पाहिजे. आमच्या शेजारच्या वस्तीवरची एक मुलगी, वडील पानमळ्यात मजुरीला, झेडपीच्या शाळेतून शिकलेली, त्याच राज्य कोट्यातून डॉक्टर व्हायला गेली. अण्णांनी तिचा सत्कार केला, हार मी आणला. तिला एसीतली शाळा मिळाली नाही, माझ्या लेकीला मिळाली. तिची जागा काढून माझ्या लेकीला द्या, असं मी कोणत्या तोंडानं म्हणू? नियम तिच्यासारख्यांसाठीच केला असेल तर तो बरोबर आहे. हे मी मनापासून म्हणते, आणि तरी त्या टेबलासमोरचे अण्णा आठवले की पुन्हा संताप येतो. जादा जागा काढता येतील, इंजिनिअरिंगला काढल्या तशा. मराठीची परीक्षा घ्या हवी तर. माझी लेक देईल.

लेक बारामतीतच फार्मसी करतेय. मस्त चाललंय, असं ती सांगते.

दोह्याला असलेल्या नणंदेचा मुलगा आता आठवीत आहे. मागच्या दिवाळीत तिनं विचारलं, वहिनी, काय करू? मी लगेच सांगितलं, दहावीच्या आधी पाठव, आमच्याकडे राहील, दहावी-बारावी इथलीच होऊ दे. फोन ठेवल्यावर वाटलं, तेरा वर्षांच्या पोराला आईपासून तोडायला सांगतेय मी, आणि त्याला डॉक्टर व्हायचंय की नाही हे अजून त्यालाही माहीत नाही. तिला पुन्हा फोन करून वेगळं काही सांगावं, तर दुसरं सांगण्यासारखं माझ्याकडे काही नाही.