परड्यातील सांजपाहुणा

बेळगावच्या टिळकवाडीत आमच्या जुन्या घरामागे लहानसे परडे आहे. दोन पेरू, एक चिकू, कोपऱ्यात केळी आणि भिंतीलगत बारमाही सावली. गेल्या वर्षी मातोश्री तेथील शेवाळावरून घसरल्या, तेव्हा सबंध परड्यास फरशी घालण्याचे ठरले. गवंड्याशी बोलणेही झाले होते.

अशाच एका श्रावणातल्या सायंकाळी आम्ही मागच्या पायरीवर चहा घेत बसलो होतो. दिवेलागणीच्या सुमारास पेरूखालच्या पाचोळ्यातून एक पान उठले, चार हात झोके खात गेले आणि पुन्हा पाचोळ्यात दिसेनासे झाले. वाकून पाहिले, तो ते तपकिरी फुलपाखरू! इंग्रजीत त्यास 'कॉमन इव्हनिंग ब्राऊन' म्हणतात. लिनियसने १७५८ साली त्याची शास्त्रात नोंद केली.

या पाहुण्यास उन्हाचा सोस नाही आणि फुलांचाही फारसा नाही. दिवसभर सावलीत पंख मिटून बसावे, कातरवेळी बाहेर पडावे आणि गळून सडलेल्या पेरूच्या रसावर तृप्त व्हावे, असा त्याचा क्रम. पावसाळ्यात त्याच्या पंखांच्या खालच्या बाजूस डोळ्यांसारखी ठळक वर्तुळे असतात. कोरड्या ऋतूतील पिढीत ती पुसट होतात आणि पंख हुबेहूब वाळक्या पानासारखा दिसतो. अळी हिरवी, डोक्यावर दोन शिंगे मिरवणारी. ती गवतावर आणि भातावर वाढते. येळ्ळूरच्या भातशिवारांशेजारी राहणाऱ्या आम्हांस हे ठाऊक नसावे, याची लाज वाटली.

त्याहून एक गोष्ट मनास लागली. इतकी वर्षे शाळेत दर शनिवारी आम्ही मुलांकडून पाचोळा गोळा करवून पेटवीत आलो. त्या स्वच्छतेत असे किती पाहुणे गेले असतील?

मातोश्रींना सारे सांगितले. त्या म्हणाल्या, "मला विहिरीपर्यंत पाय ठेवायला वाट हवी. बाकीचं त्याचं त्याला राहू दे."

तेवढीच फरशी घातली. शाळेतही आता पाचोळा कुंपणाच्या कोपऱ्यात साठतो. तपासणीस येणाऱ्या साहेबांनी विचारलेच, तर त्यांना दिवेलागणीपर्यंत थांबवून घेण्याचा आमचा विचार आहे.