दोन तुकड्यांचा शाफ्ट

कोल्हापुरात गाडी घेतली एवढ्यावर भागत नाही. "काय केलंयस तिला?" हा पुढचा प्रश्न येतोच. सायलेन्सर बदललाय, अलॉय घातलेत, रिमॅप मारलाय... काहीतरी उत्तर तयार ठेवावं लागतं. "काही नाही, कंपनीची आहे तशीच आहे" असं म्हणणाऱ्याकडे लोक जरा काळजीने बघतात. दसऱ्याला छत्रपती घराण्याची जुनी मेबॅक दसरा चौकात येते तेव्हा जमलेल्या गर्दीत निम्मे लोक सोनं लुटायला आणि निम्मे गाडी बघायला आलेले असतात, असं माझं (अगदी अशास्त्रीय) निरीक्षण आहे.

तर माझा एक शाळेपासूनचा मित्र. नाव लिहिलं तर त्याच्या घरी कळेल, म्हणून इथे त्याला भावा म्हणू. तो मलाही तेच म्हणतो. त्याने एक सेकंडहँड जर्मन सेडान घेतली. सहा सिलिंडर पेट्रोल इंजिन, ताकद मागच्या चाकांना. दिसायला देखणी, आवाज तर विचारूच नका. फक्त सिग्नलवरून उचलताना सीटखालून एक बारीक थरथर यायची. मेकॅनिकने गाडी लिफ्टवर घेतली आणि निदान केलं: प्रोपेलर शाफ्टचं सेंटर बेअरिंग गेलंय, क्रॉसही ढिला आहे. एका वर्कशॉपने अख्खा शाफ्ट बदलायला सांगितला आणि जो आकडा सांगितला त्यात एक बरी स्कूटर येते.

शुक्रवारी रात्री भावाचा मेसेज. "भावा, दोन तुकड्याचा शाफ्ट काढून अमेरिकेतनं सिंगल पीस ॲल्युमिनियमचा मागवायलोय. हलका, ताकदीला जास्त, पिकअप वाढतोय म्हणे. आकडेमोड कर की जरा." मी पोटासाठी सॉफ्टवेअर करतो, पण डिग्री मेकॅनिकलची आहे. (आमच्या वर्गातले निम्मे असेच वाहून गेले.) त्यामुळे मित्रमंडळींत कुठेही काहीही फिरताना दिसलं की ते माझ्याकडे येतं.

ज्यांच्या गाडीचं इंजिनही पुढे आणि ताकदही पुढच्याच चाकांना, म्हणजे आपल्यापैकी बहुतेकांच्या, त्यांच्या गाडीखाली हा प्रकार नसतोच. मागची चाकं ओढायची तर गिअरबॉक्सपासून मागच्या डिफरन्शियलपर्यंत एक लांब नळी फिरवत न्यावी लागते. लुई रेनोने १८९८ च्या आपल्या पहिल्या गाडीत ती आणली. तोवर बऱ्याच गाड्या सायकलसारख्या चेनवर नाहीतर पट्ट्यावर चालत. रस्त्यावरून जाताना मागचा भाग खालीवर होतो, म्हणून टोकांना वाकणारे जोड हवेत. तेच आपले 'क्रॉस'. अमेरिकेत क्लॅरेन्स स्पायसरने १९०३ मध्ये याचं पेटंट घेतलं. त्याचं नाव आजही क्रॉसच्या खोक्यांवर असतं.

आता नळी एकच सरळ का नाही? मधे तोडून, बेअरिंगवर टांगून, परत जोडायची कशाला? भावाच्या मते ही कंपनीची काटकसर. मला मात्र शंका होती. जास्तीचा क्रॉस, बेअरिंग, रबर, ब्रॅकेट एवढं सगळं काटकसर म्हणून कोण घालेल?

दोन पोरी दोरीवरच्या उड्यांची दोरी फिरवतात ती आठवा. टोकं धरलेली, मधला भाग बाहेर फुगलेला. लांब नळीचंही एका ठरावीक वेगाला तेच होतं. तिच्यात कुठेतरी केसाएवढा असमतोल असतोच. त्या वेगाला तो तिला बाहेर ढकलतो, बाहेर गेल्यामुळे असमतोल वाढतो, म्हणून ती आणखी बाहेर जाते. याला क्रिटिकल स्पीड म्हणतात. तिथे नळी काही क्षण जरी रेंगाळली तरी वाकू शकते, तुटू शकते. आणि पुढच्या बाजूने तुटलेला शाफ्ट रस्त्यात रुतला तर गाडीला बांबूउडी मारायला लावतो. ड्रॅग रेसिंगच्या नियमांत वेगवान गाड्यांना शाफ्टभोवती लोखंडी कडं सक्तीचं असतं ते याचसाठी.

शनिवारी सकाळी चहा घेऊन स्प्रेडशीट उघडली. भावाने टेपने माप घेऊन पाठवलं होतं: एकूण लांबी साधारण दीड मीटर, नळीचा व्यास ७५ मिलिमीटर. भिंत २ मिलिमीटर धरली. एवढी स्टीलची नळी एकसंध केली तर क्रिटिकल स्पीड येतो मिनिटाला साधारण ५५०० फेरे. लांबी निम्मी केली की हाच आकडा चौपट, म्हणजे २२०००! लांबीचा वर्ग भागाकारात बसलेला आहे ना. (कागदावरचे आकडे हे, खऱ्या गाडीत रबरं आणि जोडांच्या वजनामुळे दोन्ही खाली येतात.) मधे तोडण्यामागचं कारण हे.

५५०० म्हणजे गाडीचा वेग किती? भावाच्या गाडीचं डिफरन्शियल ३.२ ला १, चाक एका फेऱ्यात जवळजवळ २ मीटर जातं. म्हणजे ताशी १०० ला शाफ्ट २६७० च्या आसपास फिरतो आणि ५५०० ला गाडी २०० च्या वर. क्रिटिकल स्पीडच्या पाऊण पटीपुढे जाऊ नये असा ढोबळ नियम धरला तर मर्यादा आली १५५. मी भावाला फोन केला. तो म्हणाला, "मग बसतंय की! एवढं कोण पळवतंय?"

(सकाळी सहाला कागल-निपाणी कोण कुठल्या स्पीडने करतं हे मला माहीत आहे. असो.)

पण गंमत पुढे आहे. क्रॉस जोड जरा जरी कोनात चालला तरी बाहेर येणारी गती एकसारखी राहत नाही. एका फेऱ्यात दोनदा वाढते, दोनदा कमी होते. रॉबर्ट हूकने १७ व्या शतकात या जोडाचा अभ्यास केला, म्हणून त्याला हूकचा जोड असंही म्हणतात. थोडक्यात, क्रॉस नळीला एका फेऱ्यात दोन हिसके देतो. म्हणजे क्रिटिकल स्पीडच्या निम्म्या फेऱ्यांवरही नळीला नेमकी तिच्या थरथरीची ताल मिळते. ५५०० चे निम्मे २७५०. म्हणजे ताशी १०३.

आपल्या हायवेवर आपण तासन्‌तास नेमके याच वेगाने तर जातो! शाफ्ट तिथे तुटणार नाही, पण केबिनमध्ये मधमाश्यांचं पोळं ठेवल्यासारखी घुमघुम, आणि तो मार गिअरबॉक्सच्या सीलला आणि डिफरन्शियलच्या बेअरिंगला. म्हणजे जी थरथर घालवायला निघालो, तीच पैसे देऊन दुसऱ्या स्पीडला बसवून घ्यायची.

"अरे पण हा ॲल्युमिनियमचा आहे," भावा.

मलाही वाटलं होतं धातू बदलला की चित्र बदलेल. पण क्रिटिकल स्पीडमध्ये धातूचा ताठपणा भागिले त्याची घनता एवढंच येतं. ॲल्युमिनियम स्टीलच्या एक तृतीयांश वजनाचं आणि ताठपणालाही एक तृतीयांशच. भागाकार जवळजवळ तोच! त्याच मापाची नळी स्टीलची काढून ॲल्युमिनियमची घातली तर क्रिटिकल स्पीड होता तिथेच राहतो. फायदा असा की हलकं असल्यामुळे नळी जाड करता येते. म्हणून बाजारातले सिंगल पीस शाफ्ट चांगले १०० मिलिमीटरपर्यंत गलेलठ्ठ असतात. त्या मापाला भिंत ३ मिलिमीटर धरली तर क्रिटिकल स्पीड ७३०० वर जातो आणि ती निम्म्या फेऱ्यांची घुमघुम १३७ वर. हे खरंच चांगलं आहे. फक्त एवढी जाड नळी सायलेन्सरचा पाईप, हीट शील्ड आणि फ्लोअरच्या मधून जायला हवी, आणि मागचा भाग उसळला तरी कुठे घासायला नको.

आणि पिकअप? नळीपुरता हिशोब केला. जुनी स्टीलची नळी ५.४ किलो, नवी ॲल्युमिनियमची ३.७. पण नव्या नळीचं वजन मध्यापासून लांब बसलंय, त्यामुळे फिरवायला ती जुनीपेक्षा किंचित जडच! मधला क्रॉस, बेअरिंग, ब्रॅकेट धरून गाडीचं एकूण वजन पाच-सहा किलोने कमी होईल. दीड टनाच्या गाडीत हे म्हणजे डिकीतून गुळाचा एक छोटा रवा उतरवण्यासारखं. तेवढ्यासाठी अमेरिकेतून मागवण्यापेक्षा भावाने रात्रीचा तांबडा-पांढरा जरा कमी ओढला तरी चालेल.

एक मात्र सांगायला हवं, हे शाफ्ट म्हणजे फसवणूक नाही. मस्टँगवाले ते बसवतात त्याला कारण आहे. इंजिनची ताकद दीडपट-दुप्पट करून, रुंद चिकट टायर घालून उभ्या जागेवरून गाडी झेपावली की मधलं रबरातलं बेअरिंग उसळतं आणि एक दिवस फाटतं. तिथे बेअरिंगच नको हे बरोबर. निसानच्या ३५० झेडला तर कंपनीनेच कार्बन फायबरचा एकसंध शाफ्ट दिला होता. कार्बनचा तो भागाकार धातूंपेक्षा खूप वरचा असतो. बीएमडब्ल्यूनेही २०१४ च्या एम३ मध्ये कार्बनचा एकसंध शाफ्ट घातला, मधलं बेअरिंग काढूनच टाकलं. आणि २०१७ च्या शेवटी त्याच गाडीत परत स्टीलचा आणला! का? तर धुरातले कण अडवणारा फिल्टर खाली बसवायला जागा हवी होती.

पण भावाच्या गाडीचं इंजिन कंपनीचंच होतं आणि गाडी रोज पोराला शाळेत सोडते. वर कायद्याचा भाग. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ वर जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टाचा निकाल आला, की कंपनीच्या मूळ स्पेसिफिकेशनपेक्षा गाडी वेगळी करता येणार नाही. शाफ्ट त्यात कितपत बसतो यावर वकील भांडतील. "खाली वाकून कोण बघतंय?" असं भावा म्हणाला. ॲक्सिडेंटनंतर इन्शुरन्सचा सर्व्हेअर बघतो, भावा. तो वाकायचेच पैसे घेतो.

रविवारी उद्यमनगर. (आधी फडतरेंची मिसळ, मग शाफ्ट. हा क्रम चुकवायचा नसतो.) बाहेरच्यांना कोल्हापूर म्हणजे चप्पल आणि कुस्ती. पण शिरोली, गोकुळ शिरगाव आणि हे उद्यमनगर मिळून देशभरातल्या गाड्यांची कास्टिंग्ज ओततात आणि कातून देतात. उद्यमनगरात एक म्हातारे मिस्त्री ट्रकचे शाफ्ट बॅलन्स करतात. भावाला वाटत होतं की अमेरिकेतून कशाला, यांच्याकडूनच नळी वेल्ड करून घेऊ. मिस्त्री सहज करू शकले असते. धंदा होता, गिऱ्हाईक दारात उभं होतं.

त्यांनी शाफ्ट हातात घेतला, मधला जोड वाकवून बघितला, आणि म्हणाले, "ह्यो मदला तुकडा उगंच हाय व्हय? ट्रकवाली चासी लांबवून घेत्यात आणि शाप तसाच लांबडा करा म्हणत्यात. घाटात न्हाई कळत. सडकंला लागलं की फडफडतंय. मी न्हाई करत ते."

बाकी काही नाही. लांबीचा वर्ग नाही, हूक नाही. माझी स्प्रेडशीट खिशातल्या फोनमध्येच राहिली.

मग त्यांनी जे सुचवलं ते मला फार आवडलं. या गाड्यांचे क्रॉस कंपनीतच ठोकून कायमचे बसवलेले असतात. सर्कलिप नाही, ग्रीस भरायची सोय नाही. क्रॉस गेला की शाफ्ट फेका. मिस्त्रींनी ठोकलेल्या कडा काढल्या, योकमध्ये सर्कलिपसाठी खाचा कातल्या आणि मापाचा, ग्रीस निपल असलेला क्रॉस बसवला. सेंटर बेअरिंग नवं घातलं. दोन तुकडे पुन्हा जोडताना खुणा तंतोतंत जुळवल्या. एक दातरा चुकला तर पुढच्या आणि मागच्या क्रॉसचे हिसके एकमेकांना मारण्याऐवजी वाढवतात. मग बॅलन्सिंग. गंमत म्हणून हिशोब केला: आठ किलोच्या शाफ्टला ५००० फेऱ्यांवर चांगल्या दर्जाचा समतोल म्हणजे नळीच्या कडेवर फारतर पाच ग्रॅम इकडे-तिकडे. चमचाभर साखर. मिस्त्रींनी पत्र्याची नखाएवढी चकती टॅक केली, फिरवलं, ग्राइंडरने एक कोपरा उडवला, परत फिरवलं. तीनदा.

मंगळवारी गाडी बांधून झाली आणि आम्ही कागलपर्यंत जाऊन आलो. ६० ला नाही, ८० ला नाही, १०३ ला तर मी मुद्दाम मीटरकडे बघत बसलो होतो. काही नाही. भावाने डॅशबोर्डवर पाण्याची बाटली उभी करून ठेवली होती. पाणी हललं नाही.

परत येताना तो जरा गप्प होता. तावडे हॉटेलपाशी गाडी वळवताना म्हणाला, "सगळं खरं. पण आता कुणी विचारलं काय केलंयस, तर सांगू काय?"

मी म्हटलं ग्रीस निपल दाखव. पुढच्या महिन्यात तो अलॉय बघायला पुण्याला येतोय.