ओसरीवरचा सायकस

कारवारच्या घरून निघताना आईने सायकसचे एक रोप माझ्या स्वाधीन केले. सह्याद्रीच्या दमट रानांतले हे झाड दिसते माडासारखे. परंतु माडाशी त्याचे नाते नाही. त्याचे कूळ डायनोसोरांच्याही आधीचे. एवढ्या जुन्या पाहुण्यास बऱ्हाणपूर मानवेल काय, ही धाकधूक मनात होतीच!

वैशाखात पारा ४४ अंशांवर गेला. नेमका तेव्हाच कोवळ्या पानांचा झुबका वर आला आणि चार दिवसांच्या लूने करपला. सायकसला पाने येतात ती बहुधा वर्षाकाठी एकदाच. म्हणजे वर्षाची कमाई बुडाली. मी घाबरून दोन्ही वेळा पाणी ओतू लागलो. चुकलो तो येथेच. दमटपणा हवा होता पानांभोवतीच्या हवेला, मुळांना नव्हे.

मग कुंडी सावलीत, पाणी घातलेल्या परातीतील खड्यांवर ठेवली; तळ पाण्याला टेकू दिला नाही. पौषात पारा १० अंशांकडे झुकला की रोप रात्री घरात घेतो, पाणीही आखडतो. गारठ्यात ओले खोड कुजते.

यंदा श्रावणात सात पाने आली. दूरध्वनीवर आई आधी त्यांचीच चौकशी करते, मागाहून माझी.