समुद्राची निळी खिडकी

पाणबुडीचे सामर्थ्य तिच्या अदृश्यतेत असते आणि तिचा एकांतही त्यातूनच येतो. खोल पाण्यातल्या माणसांपर्यंत किनाऱ्यावरचा एक शब्द पोहोचवणे, ही भौतिकशास्त्रातली साधी दिसणारी पण चिवट समस्या आहे.

समुद्राचे खारे पाणी विद्युतवाहक आहे. ते रेडिओलहरी गिळून टाकते. वारंवारता जितकी जास्त, तितकी लहर लवकर विझते. म्हणूनच तिरुनेलवेलीजवळचे नौदलाचे आयएनएस कट्टबोम्मन हे केंद्र १९९० पासून अतिनिम्न वारंवारतेवर संदेश पाठवते. १८ किलोहर्ट्झच्या या लहरीची हवेतील लांबी १६ किलोमीटरहून अधिक. तरीही समुद्रात दर दोन मीटरला तिचा आयाम जेमतेम एकतृतीयांश उरतो. या वाटेने मोजकी अक्षरेच जातात. पाणबुडीला त्याच वाटेने उत्तरही देता येत नाही. एवढा प्रचंड अँटेना ती वाहणार कुठे?

निसर्गाने मात्र एक खिडकी उघडी ठेवली आहे. सुमारे ४५० ते ५५० नॅनोमीटरचा निळा-हिरवा प्रकाश पाण्यात इतर रंगांपेक्षा खूप खोल जातो. लेझरच्या अतिलघु स्पंदांतून रेडिओच्या कितीतरी पट माहिती पाठवता येते. अडचण प्रकीर्णनाची. १९२१ मध्ये भूमध्य समुद्राची निळाई पाहून सी. व्ही. रामन यांना पडलेला प्रश्न प्रकीर्णनाचाच होता. त्याच वाटेने ते १९२८ च्या शोधापर्यंत पोहोचले. आज पाण्यातील कणांमुळे होणारे प्रकीर्णन लेझरची शलाका पसरवते आणि स्पंद पुसट करते. हुगळीच्या मुखाशी गढूळ पाण्यात ही खिडकी जवळजवळ बंदच होते.

आणि हीच खिडकी शोध घेणाऱ्यालाही खुली आहे. विमानातून सोडलेला १०६४ नॅनोमीटरचा अवरक्त स्पंद पृष्ठभागावरून परततो, ५३२ नॅनोमीटरचा हिरवा स्पंद तळाला शिवून येतो. दहा मीटर खोलीसाठी दोहोंतील अंतर सुमारे ९० नॅनोसेकंद. मध्येच एखादे धातूचे अंग आडवे आले, तर प्रतिध्वनीसारखा तो प्रकाश वेळेआधी परततो.

म्हणजे जो प्रकाश पाणबुडीला बोलते करतो, तोच तिला उघडीही पाडू शकतो. ऑक्टोबर २०२४ मध्ये तेलंगणातील दामागुंडम येथे अतिनिम्न वारंवारतेच्या दुसऱ्या केंद्राची पायाभरणी झाली, त्यामागचे शहाणपण इथे उमगते. नवी वाट सापडली म्हणून जुनी मोडायची नसते. खोल पाण्यातल्या माणसाला दोन्ही लागतात: हळू पण खात्रीचा शब्द, आणि स्वच्छ पाण्यात क्षणभर लकाकणारा प्रकाश.