चाळीसचा काटा

आमच्या घरातली मोटारसायकल माझ्या वडिलांनी १९७८ साली घेतली. तिच्यावरून त्यांनी सबंध वाई तालुका पालथा घातला. पण "चाळीसच्या वर काटा कधी जाऊ दिला नाही," असे ते अखेरपर्यंत अभिमानाने सांगत. यंदा ती गाडी चिरंजिवांच्या हाती देताना सौभाग्यवतींनी हीच अट घातली. चाळीस म्हणजे चाळीस!

पंधरा दिवसांतच शेजारचे अण्णा सांगत आले, "सर, तुमचा मुलगा गाडी फार जोरात हाकतो हो!"

चिरंजीव म्हणाले, "बाबा, काटा चाळीसवरच होता. मोबाईलवर मात्र तेव्हा पन्नास दिसतात."

वडिलांच्या गाडीचा काटा खोटा आणि परवाचा मोबाईल खरा? मी त्याला खोटारडा म्हटले. आणखीही बरेच म्हटले. मराठीचा प्राध्यापक रागावला की शब्दांना तोटा नसतो. किल्ली मी कपाटात ठेवली. तेव्हापासून तो आमच्या आधीच जेवून उठू लागला.

"अहो, एकदा मोजून तरी बघा," चौथ्या दिवशी ही म्हणाली.

रविवारी पाचवडच्या रस्त्याला मी पुढे, तो मागे. त्याच्या हातात माझे घड्याळ. चाळीसच्या वेगाने किलोमीटरच्या एका दगडापासून दुसऱ्यापर्यंत ९० सेकंद लागायला हवेत.

"बहात्तर," मागून आवाज आला.

परत फिरून मोजले. बहात्तरच! म्हणजे वेग पन्नास. काटा तीसवर धरला तर ९६ सेकंद, म्हणजे साडेसदतीस. अंतराचा आकडा मात्र दगडागणिक बरोबर एकानेच सरकत होता.

पदार्थविज्ञानाच्या सहकाऱ्यांना हे सांगितले, तर ते खूष झाले. अंतराचे आकडे दातेरी चाकांवर फिरतात, काट्याला मात्र कोणी ढकलीतच नाही! पुढच्या चाकाकडून आलेली केबल एक लोहचुंबक फिरवते. त्याच्याभोवती, त्याला न शिवता, ॲल्युमिनियमची वाटी असते. फिरत्या चुंबकामुळे वाटीत विजेचे भोवरे उठतात, ती ओढली जाते; केसासारखी बारीक स्प्रिंग तिला मागे खेचते. या ओढाताणीत काटा जिथे थांबेल तो वेग. १९०२ साली ऑटो शुल्झे या जर्मन गृहस्थाने पेटंट घेतलेली ही युक्ती. चुंबक म्हातारा झाला की ओढ कमी पडते आणि काटा मागे राहतो.

"म्हणजे मामंजी पन्नासने जायचे?" हिने विचारले. चुंबक केव्हा थकला हे कोण सांगणार? मी विषय बदलला.

दुरुस्ती घरीच करायचे ठरले. काचेभोवतीची दुमडलेली कड हळूहळू उकलली, दोन चमच्यांनी काटा उचलला आणि मी तो दहा घरे पुढे बसवला. झाले! चिरंजीव गाडीकडे बघत म्हणाले, "बाबा, गाडी उभी आहे, आणि काटा दहावर!" चूक दहाची नव्हती, पाचांत एकाची होती. वेगाबरोबर ती वाढत होती. काटा पुढे सरकवून ती कशी जाणार?

स्प्रिंग सैल करणे हा खरा उपाय; पण तिला हात लावायची माझी छाती होईना. चिरंजिवांनी तोड काढली. काटा शून्यावर परत बसवायचा आणि तबकडीच बदलायची. जाड कागद गोल कापला, अंतराच्या आकड्यांसाठी खिडकी पाडली, आणि जुन्या बत्तीसच्या जागी चाळीस, जुन्या चाळीसच्या जागी पन्नास, असे आकडे मी माझ्या अक्षरात लिहिले. आजोबांची तबकडी खाली तशीच राहिली.

"अरे, त्या दिवशी मी..." मी सुरुवात केली.

"बाबा, तो चमचा द्या," तो म्हणाला.

संध्याकाळी तो पुढे, मी मागे. घड्याळ माझ्या हातात. नव्या चाळीसवर काटा धरून त्याने पहिला दगड ओलांडला. दुसरा आला तेव्हा मी म्हणालो, "नव्वद," आणि त्याच दमात, "चुकलो रे मी." डोक्यावर हेल्मेट, त्यात वारा. त्याला ऐकू गेले की नाही, कळले नाही. घरी आल्यावर त्याने किल्ली माझ्यापुढे धरली. ती मी घेतली नाही.